खांद्यावरचं पिक्चर

माझी नातसून कोणाला माझी ओळख करून देताना म्हणते, "आबा सिनेमा दाखवायचे." मी दर वेळी दुरुस्ती करतो, "दाखवायचो आणि सांगायचो." दाखवणारे पुष्कळ झाले. सांगणारा आमच्या उमरखेडात मी एकटाच होतो.

करीमशेठचं पत्र्याचं टॉकीज होतं. पुढं जमीन, मधे बाकडी, मागं वीस-बावीस खुर्च्या, डाव्या हाताला पडदा लावून बायकांची बाजू. छप्पन सालच्या दिवाळीनंतर मी तिथं मशीनवर लागलो. मशीन एकच होतं, म्हणून एक रीळ संपलं की दिवे लावायचे आणि दुसरं चढवायचं. तोवर लोक विड्या ओढत, शेंगा फोडत, शेजाऱ्याशी भांडण अर्धवट राहिलं असेल तर ते पुरं करत. मशीनमधला उजेड बल्बचा नसे. कार्बनच्या दोन कांड्यांची टोकं जवळ आणली की मधे पांढराफेक जाळ पेटतो, त्याचा उजेड पडद्यावर जातो. कांड्या जळत जातात, अंतर वाढतं, पडदा पिवळा पडतो, लोक शिट्ट्या मारतात. म्हणून एक हात सतत कांड्यांच्या फिरकीवर. दुसऱ्या हातात माइक.

माइक कशाला, ते सांगतो. हिंदी चित्रं महाग पडत आणि उशिरा येत. मारधाडीची इंग्रजी चित्रं सहज मिळत. घोडे, तलवारी, जळते किल्ले लोकांना फार आवडत, पण बोलणं कोणालाच कळत नसे. मग मी केबिनच्या खिडकीतून पडद्याकडे बघत गोष्ट सांगायची. माझं इंग्रजी म्हणजे 'कम', 'गो' आणि 'थँक्यू'. तरी अडत नसे. रिळांची पेटी आदल्या दिवशी येई. सकाळी एकट्यानं एकदा पाहून घ्यायचं, चांगला कोण, वाईट कोण, पोरगी कोणाची, एवढं हेरायचं आणि नावं ठेवून द्यायची. माझ्या प्रत्येक चित्रातला नायक प्रतापसिंग, खलनायक दुर्जनसिंग आणि पोरगी चंपा. चेहरे बदलत, नावं बदलत नसत.

यावर पहिली हरकत घेतली पुंजाबाईनं. ती बायकांच्या दारावर होती. पन्नाशीची, सडपातळ, आवाज खणखणीत. एकदा रीळ बदलताना केबिनच्या शिडीखाली येऊन म्हणाली, "सुदामभाऊ, मांगच्या बजारी चंपाचं लगन लावलं तुमी. आज तिले कुवारी काहून सांगून राह्यले? बाया इचारते मले."

"ही चंपा दुसरी हाय, पुंजाबाई."

"मंग नाव दुसरं ठेवा ना. नावाले का पैशे पडते?"

मी ठेवलं नाही. आळस, दुसरं काय.

तिचा नवरा किसनदादा तिच्याहून कडक. तो आंधळा होता. तरुणपणी फुलसावंगीकडच्या एका गावात तो तिथल्या देशमुखांचा मेणा वाहायचा. उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा होता. चाळिशीनंतर डोळ्यांत काहीतरी पिकत गेलं आणि दिसणं बंद झालं. छप्पन साली नवरा-बायको नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, घरातले देव गाठोड्यात बांधून पैनगंगेत सोडले, गाव सोडलं आणि उमरखेडात राहिले. पुंजाबाई दारावर लागल्यापासून किसनदादा प्रत्येक खेळाला येई. खुर्च्यांच्याही मागं, केबिनच्या बरोबर खाली भिंतीलगतच्या बाकड्यावर बसे. सगळा गाव पडद्याकडे तोंड करून, हा एकटा भिंतीला खांदा टेकवून, माझ्याकडे कान वर करून. त्याच्यापुरता सिनेमा म्हणजे मी.

आणि तो सगळं लक्षात ठेवी. "मांगच्या खेपेले तू प्रतापसिंगाचा घोडा पांढरा सांगतला व्हता. आज काया कसा झाला?" मी म्हणे, "दुसरा घोडा हाय, दादा." तो म्हणे, "हं." त्या 'हं'ची मला करीमशेठच्या शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटे.

हे सगळं यासाठी सांगितलं की एका बाजाराच्या दिवशी आमच्या टॉकीजमध्ये जे चित्र आलं, त्यात प्रतापसिंगच नव्हता.

झालं असं की आदल्या वर्षी स्पेनच्या दरोडेखोरांचं एक चित्र आमच्याकडे जोरात चाललं होतं. करीमशेठनं अमरावतीच्या वितरकाला निरोप धाडला, तसलंच स्पेनचं पाठवा. नदीला पाणी असल्यामुळे मोटार अडकली आणि पेटी ऐन बाजाराच्या सकाळी पोचली. तोवर जाहिरातीचा टांगा गावभर फिरून आला होता. बोर्डावर करीमशेठनं स्वतः रंगवून घेतलं होतं, 'दोनशे तलवारी'.

मी पेटी उघडून पहिलं रीळ लावलं. एका खडकाळ गावात एक गृहस्थ छत्री घेऊन चालला आहे. बाहेर कडक ऊन आणि छत्रीच्या आत पाऊस. तो भिजतो आहे, छत्री मात्र मिटत नाही. त्याच्यामागं एक बकरी, डोक्याला टोपी. मी मशीन थांबवून रीळ उलटसुलट तर लागलं नाही ना ते पाहिलं. नव्हतं.

पेटीत चित्राबरोबर एक छापील इंग्रजी कागद होता. तो घेऊन मी वानखडे गुरुजींच्या शाळेत गेलो. गुरुजी मॅट्रिक झालेले, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे गावातले मोजके जे होते त्यांतले. जेवणाची सुट्टी होती. डबा बाजूला ठेवून त्यांनी कागद दोनदा वाचला.

"सुदामराव, ही पेटी तुमची नाही. नागपूरच्या कोण्या शौकीन मंडळीसाठी आलेली दिसते. अदलाबदल झाली."

"तलवारी हायेत का त्यात?"

"एकही नाही."

मग त्यांनी तो सिनेमा काढणारा कोण हे मला सांगितलं. नाव त्यांनी तीन तऱ्हेनं उच्चारून पाहिलं आणि सोडून दिलं, म्हणून मीही लिहीत नाही. स्पेनातल्या एका दगडगोट्यांच्या गावचा माणूस. आईला वाटायचं यानं पाद्री व्हावं. पाद्र्यांच्या शाळेत शिकून तो त्यांचीच थट्टा करायला लागला. तरुणपणी चित्रकार आणि कवी मित्रांच्या घोळक्यात राहायचा. ती मंडळी सकाळी उठली की एकमेकांना रात्रीची स्वप्नं सांगत आणि त्यांचीच चित्रं काढत. मग देशात लढाई झाली, भावाभावांत. ज्यांची सरशी झाली त्यांना हा माणूस नको होता. तो देश सोडून गेला तो गेलाच. परमुलखात पोटासाठी दुसऱ्यांच्या चित्रांखाली भाषांतराची अक्षरं लिहायचं काम केलं, नंतर हळूहळू स्वतःची चित्रं काढायला लागला. त्याच्या गावाबद्दलची चित्रं त्याच्याच गावात दाखवायला बंदी.

"दुसऱ्यांच्या पिक्चरले भाषा लावायचा?" मी विचारलं. "म्हणजे आपल्याच धंद्यातला माणूस."

गुरुजी हसले. "त्याला लोक विचारतात तुमच्या चित्राचा अर्थ काय. तो सांगत नाही."

"अर्थ नसेल तर लोक बाकडी मोडतील, गुरुजी."

"असं पाहा. स्वप्नात तुमच्या माडीवर म्हैस चढली, तर तुम्ही स्वप्नात विचारता का, कशी चढली म्हणून? तिला पाणी दाखवता. विचारता ते जागे झाल्यावर. हा माणूस जागेपणी तसलं दाखवतो. तुम्ही फक्त म्हैस दाखवा."

मी मान हलवली, पण पटलं काहीच नाही. बोर्डावर दोनशे तलवारी होत्या. करीमशेठला पेटी बदलल्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "अरे, तू बोलनेवाला है. बोलके निकाल दे." पुढची रिळं पाहायला वेळ उरला नाही; तोवर तीनच्या खेळाला जमीन आणि बाकडी भरली होती. बैलगाड्या करून आलेले लोक, कपाळाला घाम, पत्रा तापलेला.

मी मागच्या अंगणातलं विजेचं इंजिन सुरू केलं, कांड्या पेटवल्या आणि माइक तोंडाशी धरला. छत्रीवाला दिसताच म्हणालो, "हे प्रतापसिंगाचे वडील. यांच्यावर शत्रूनं जादूटोणा केला आहे. आता हे दुःखानं मरणार." लोक छत्रीतला पाऊस पाहून खो-खो हसायला लागले. मी आवाज आणखी रडवेला केला. लोक आणखी हसले.

पुढं खरं चित्र सुरू झालं. पन्नास-साठ माणसं एक भलीमोठी चौकट खांद्यावर घेऊन गावातून निघतात. चौकटीवर काहीतरी उंच, पांढऱ्या कापडानं झाकलेलं. काय आहे ते कोणाला दिसत नाही. मला हायसं वाटलं. "या पालखीत राजाचा खजिना आहे," मी ठोकून दिलं. "डोंगरात दुर्जनसिंग दोनशे तलवारी घेऊन दबा धरून बसला आहे."

पहिलं रीळ संपलं, दुसरं संपलं, दुर्जनसिंग काही आला नाही. ती माणसं चालतच होती. गल्ली अरुंद निघाली तर लोकांनी आपल्या घरांच्या भिंती स्वतःच पाडून वाट करून दिली आणि टोप्या काढून उभे राहिले. न्हावी बरोबर चालत चालत वाहणाऱ्यांच्या दाढ्या करत होता. बायका चालत चालत घास भरवत होत्या. टोपीवाली बकरी मागं होतीच. लोक कधी हसत, कधी गप्प होत. माझं खजिन्याचं पुराण एकीकडे, त्यांचं हसणं दुसरीकडे.

दुसऱ्या रिळानंतर दिवे लागले. जमिनीवरून कोणीतरी ओरडलं, "डाकू कुठं गेले बे?"

"रस्त्यात हायेत," मी खिडकीतून सांगितलं.

करीमशेठ शिडी चढून वर आले. "सुदाम, तलवार कब निकलती? एक तो दिखा."

"निघत नाही, शेठ. या पिक्चरमध्ये नाहीच."

ते कपाळ धरून शिडीवरच बसले.

तेवढ्यात खालून किसनदादानं हाक मारली. तो उभा राहिला होता, एक हात भिंतीवर. आवाज चढवला नव्हता, पण त्या बाजूचे सगळे गप्प झाले.

"सुदाम, तू रडू सांगून राह्यला अन् लोक हासून राह्यले. मले दोन पिक्चर आयकू येऊन राह्यले. खजिना तुले दिसते का?"

मी तिसऱ्या रिळाचा डबा उघडायला घेतला.

"दिसते का?"

"नाही, दादा. वर कापड हाय. आत काय हाय ते मले माहीत नाही."

"मंग थेच सांग ना. जे दिसते थे सांग. बाकीचं मी पाहून घेतो."

चार-पाच वर्षं मी त्या माणसाला सिनेमा सांगत होतो आणि त्यातला निम्मा माझा होता. तिसरं रीळ चढवलं, फिरकीवर हात ठेवला आणि म्हणालो, "मंडळी, प्रतापसिंग या चित्रात नाही. तलवारीही नाहीत. देश सोडून गेलेल्या एका स्पेनच्या माणसानं हे काढलं आहे. मला दिसेल ते सांगतो." जमिनीवरची पंधरा-वीस माणसं उठून गेली. बाकीचे बसून राहिले, कदाचित बाहेर ऊन होतं म्हणून.

मग मी नुसतं सांगत गेलो. माणसं चालत आहेत. पाऊस पडतो आहे. पुढच्या डाव्या माणसाची दाढी पांढरी झाली आहे. एक जण पडला, त्याच्या जागी त्याचा मुलगा शिरला, चौकट हलली नाही. म्हातारा रस्त्याच्या कडेला बसून हात जोडतो आहे.

खालून किसनदादा विचारी, "कोन्या खांद्यावर घेतलं?"

"उजव्या."

"बदलून नाही राह्यले?"

मी नीट पाहिलं. "नाही. कोणीच खांदा बदलत नाही."

"बदलाले पाह्यजे," तो म्हणाला. "घट्टा पडते."

त्याच्या अशा प्रश्नांनी माझं बघणं बदललं. पायात काय आहे, वाट चढाची की उताराची, पुढचा बोलतो की मागचा. मी ते चित्र इतकं नीट पाहिलं की आजही डोळे मिटले तर दिसतं. बायकांच्या बाजूनं हसणं थांबलं होतं. पुंजाबाई दार सोडून मधल्या पडद्यालगत येऊन उभी होती.

शेवटच्या रिळात डोंगरावर वारा सुटतो. कापड फडफडतं आणि उडून जातं. "कापड उडालं," मी माइकवर सांगितलं.

"काय निंगालं?" किसनदादा.

"टेबल हाय, दादा."

"अजून?"

"टेबलाभोवती आठ-दहा माणसं खुर्च्यांवर बसली हायेत. चांगल्या कपड्यांतली. बाया हायेत, एक पाद्री हाय."

"करून काय राह्यले?"

"जेवून राह्यले."

टॉकीजमध्ये इंजिनाची धडधड तेवढी ऐकू येत होती. किसनदादा हसायला लागला. पोट धरून, भिंतीला टेकून हसला, डोळ्यांतून पाणी आलं. "मले वाटलंच व्हतं," तो म्हणाला. "कवाचं वाटून राह्यलं व्हतं." पुंजाबाई हसली, मग जमिनीवरचे हसले. खुर्च्यांवरचे काही जण हसले नाहीत.

पडद्यावर टेबलावरचा एक म्हातारा खाली वाकून त्या वाहणाऱ्यांना काहीतरी म्हणाला.

"काय म्हनला थो?"

"मले माहीत नाही, दादा." माइकवर हे वाक्य मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

शेवट तेवढ्यावर नव्हता. वाहणाऱ्यांनी वर पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. मग पुढच्यानं पडलेलं कापड उचललं, सगळ्यांनी मिळून ते पुन्हा टेबलावर घातलं, चौकट खांद्यावर सावरली आणि चालायला लागले. बकरी मागोमाग. मी जसंच्या तसं सांगितलं. किसनदादाचं हसणं थांबलं. तो काठी घेऊन बाहेर गेला.

दोन-तीन बाकडी आपटली गेली, मोडलं काही नाही. करीमशेठ दारात हात जोडून उभे होते, "अगले बजार को डबल तलवार, भाई, डबल तलवार." पुढच्या खेळाला त्यांनी कोठीत पडलेलं एक जुनं चित्र लावायला सांगितलं आणि स्पेनची पेटी सकाळच्या मोटारीनं परत गेली. आमच्याकडे तिचा तो एकच खेळ झाला.

त्यानंतर दोन-तीन बाजार मी इमानदारीनं दिसेल तेच सांगितलं. लोक कंटाळले. "सुदामचं सांगणं फिकं झालं," असं खुर्चीवाले करीमशेठना सांगू लागले. मग प्रतापसिंगाला परत बोलावलं. मात्र घोड्याचा रंग कधी चुकवला नाही आणि एका चंपाचं नाव कमळा केलं. पुंजाबाईनं दारातून मान डोलावली.

किसनदादा मात्र तीन आठवडे फिरकला नाही. मला वाटलं, तो आता येत नाही. त्याला ते चित्र सांगायला नको होतं असंही मनात येऊन गेलं.

मग एका दुपारी कापसाच्या बाजारात माझं काम निघालं. गाड्या मोजणीसाठी खोळंबल्या होत्या आणि तीस-चाळीस गाडीवान बाभळीखाली गोळा होऊन काहीतरी ऐकत होते. मधे किसनदादा बसला होता. तो ते चित्र सांगत होता. छत्रीतला पाऊस, न्हावी, पाडलेल्या भिंती. बकरी आली की माणसं हसत. कोण्या खांद्यावर घेतलं ते तो सांगत होता, आणि चढावर पाय कसा रोवला, जे मला दिसलंही नव्हतं, तेही. मी मागं जमिनीवर बसलो. इतकी वर्षं सांगण्यात गेली, ऐकणारा म्हणून मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो.

वारा सुटला, कापड उडालं, टेबल निघालं. गाडीवान हसले. मग किसनदादा म्हणाला, "मंग त्याहीनं काय केलं? हळूच खाली ठेवलं. एकदम नाही आपटलं. आंधी मांगच्याहीनं गुडघे वाकवले, मंग पुढच्याहीनं. ताटातली भाजी सांडली नाही. जेवू देल्लं त्याहीले. मंग म्हनलं, उतरा जी आता, पायानं चाला."

लोक पांगल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. त्यानं आवाजावरून नाही, कार्बनच्या वासावरून मला ओळखलं.

"दादा, शेवट असा नव्हता."

"मले माहीत हाय. तूच त सांगतलं."

"मंग बदलला काहून?"

त्यानं उजवा खांदा चोळला. "थो स्पेनवाला बाप्पा घर सोडून गेलता. त्याच्या गावचे लोक तवा वाहूनच राह्यले असतीन. त्यानं पाह्यलं तसं दाखवलं, त्याचं काही चुकलं नाही. पन आमी त छप्पन साली ठेवलं ना खाली. मंग मी खोटं कायले सांगू?"

मी ते जसंच्या तसं वानखडे गुरुजींना जाऊन सांगितलं. त्या छापील कागदावर खाली एक पत्ता होता. कागद पेटीबरोबर गेला होता, पण पत्ता गुरुजींनी वहीत उतरवून ठेवला होता. त्यांनी इंग्रजीत पत्र लिहिलं आणि टाकण्याआधी मला मराठीत वाचून दाखवलं. तुमचं चित्र चुकून आमच्या गावी आलं, एका न दिसणाऱ्या माणसानं ते सर्वांत नीट पाहिलं, बकरी सगळ्यांना आवडली, असं त्यात होतं. उत्तर आलं नाही. पत्र पोचलं की नाही तेही कळलं नाही. पत्राची शेवटची ओळ मात्र मी सांगितली होती, गुरुजींनी फक्त तिचं इंग्रजी केलं. तुमच्या चित्राचा शेवट आमच्याकडे थोडा बदलला आहे, राग मानू नये.